स्पीतीच्या बौद्ध गावात मुक्काम करताना पाळायचे रीतिरिवाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमाचल प्रदेशातील स्पीती खोऱ्यात महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतले बरेच जण आता हॉटेलाऐवजी गावातल्या एखाद्या घरी, म्हणजे होमस्टेमध्ये, उतरणे पसंत करतात. अशा मुक्कामाविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. माझा अनुभव असा आहे, की गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, शिरताना सगळेच जपून वागतात. चूक होते ती घरात, चुलीपाशी आणि पाण्यापाशी, कारण तिथेही धर्म आहे हे पाहुण्याच्या लक्षात येत नाही. म्हणून घराविषयीची उत्तरे मी मुद्दाम विस्ताराने लिहिली आहेत.

ही माहिती नेमक्या कोणत्या गावांना लागू पडते?

काझा, की, किब्बर, लांग्झा, हिक्किम, कोमिक, ढंकर, ताबो आणि पिन खोऱ्यातील मुद यांसारख्या गावांना. ही सर्व गावे तिबेटी बौद्ध परंपरेतली आहेत. मात्र त्यांचा पंथ एकच आहे असे समजू नये. की, ताबो आणि ढंकर येथील गोम्पा गेलुग पंथाचे आहेत, कोमिकचा गोम्पा साक्य पंथाचा, तर पिन खोऱ्यातील कुंगरीचा गोम्पा न्यिंग्मा पंथाचा आहे. त्यामुळे एका गावात चाललेली गोष्ट दुसऱ्या गावात चालेलच असे नाही. उदाहरणार्थ, गेलुग पंथाचे भिक्षू ब्रह्मचर्य पाळतात, पण पिन खोऱ्यात लामा संसारी असणे ही जुनी रीत आहे. आपले यजमान लामा आहेत आणि त्यांना बायकामुलेही आहेत, हे पाहून आश्चर्य दाखवणे किंवा त्यावर प्रश्न विचारणे त्यांना अवघडून टाकते.

घरात शिरल्यावर कुठे बसावे?

जिथे बसायला सांगतील तिथे. आणि कोणी सांगेपर्यंत थोडे थांबावे. स्पीतीच्या घरातली मुख्य खोली म्हणजे स्वयंपाकघर. मध्यभागी पत्र्याची चूल असते, तिला तिथे तंदूर म्हणतात, आणि तिचे धुराडे छतातून वर गेलेले असते. भिंतीलगत गाद्या किंवा गालिचे अंथरलेले असून त्यांच्यापुढे ठेंगणी, रंगवलेली मेजे मांडलेली असतात. या बैठकीला क्रम आहे. मानाची जागा घरातल्या वडीलधाऱ्यांची, आणि लामा आलेले असतील तर ती त्यांची. पाहुण्याला आग्रहाने वर बसवले जाते. पण आपण होऊन आधी खालच्या बाजूला बसावे आणि बोलावल्यावर सरकावे, हे तिथे सभ्यपणाचे मानतात. आपल्याकडे पंगतीत बसताना जसा मान पाहिला जातो, तसेच हे आहे.

बसताना पाय चुलीकडे, देवघराकडे किंवा समोरच्या माणसाकडे पसरू नयेत. दिवसभर चालून पाय आखडलेले असतात हे खरे, तरी मांडी घालून किंवा पाय एका बाजूला दुमडून बसावे. ठेंगण्या मेजावरून, भांड्यांवरून किंवा बसलेल्या माणसाच्या पायांवरून ओलांडून जाऊ नये. वाट नसेल तर सरकायची विनंती करावी. कोणाच्याही, अगदी लहान मुलाच्याही, डोक्यावर कौतुकाने हात ठेवू नये.

चुलीबाबत एवढी काळजी कशासाठी?

कारण चुलीत देवता असते, अशी श्रद्धा आहे. चुलीत उष्टे, केस, प्लास्टिक किंवा कचरा जाळला, तर ती देवता रुष्ट होते आणि घरात आजारपण येते, असे तिथले वडीलधारे मानतात. चहा उतू जाऊन चुलीवर सांडला तरी घरच्या बाईचा चेहरा गंभीर होतो.

ही गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्याच मुक्कामात, चुलीचे झाकण उघडे दिसले म्हणून, मी नाक पुसलेला कागदी रुमाल आत टाकला. घरच्या आजी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी चिमटा घेतला, पेटू लागलेला कागद बाहेर काढला, दाराबाहेर नेऊन मातीत विझवला, आणि परत येऊन चुलीत वाळक्या डहाळीचा चिमूटभर चुरा टाकला. खोलीत सुगंध पसरला आणि त्या पुन्हा पीठ मळू लागल्या. त्यांच्या सुनेने नंतर मला हिंदीत समजावून सांगितले, की तो शुद्धीसाठी घातलेला धूप होता. मला कोणी रागावले नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले. तेव्हापासून मी खिशात एक लहान पिशवी ठेवतो आणि माझा कचरा तिच्यात साठवतो.

जळणाविषयीही एक गोष्ट येथेच सांगायला हवी. या उंचीवर झाडे फार थोडी असतात. छताच्या कडेने रचून ठेवलेला लाकूडफाटा आणि वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या ही त्या घराची हिवाळ्याची बेगमी असते. रात्री शेकोटी पेटवून देण्याची मागणी यजमानांना नकार देता येत नाही म्हणून मान्य होते, आणि नेमकी त्याचसाठी ती करू नये. त्याच छतावर एखाद्या कोपऱ्यात डहाळ्यांची जुडी आणि पताका लावलेला लहानसा चौथरा दिसला, तर तो घरच्या दैवताचा असतो. त्याला हात लावू नये, टेकू नये, आणि त्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत.

पाणी, अंघोळ आणि शौचालय यांबाबत काय पाळावे?

स्पीती हे थंड वाळवंट आहे. पाऊस नाममात्र पडतो, आणि शेती तसेच घरवापर या दोन्हींसाठी डोंगरावरचे बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर विसंबावे लागते. हे पाणी ज्या पाटांनी शेतात आणतात त्यांना कूल म्हणतात आणि त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. ज्या वर्षी हिवाळ्यात बर्फ कमी पडतो, त्या वर्षी वरच्या गावांत उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते. वर्षातून एकच पीक निघते, जव आणि वाटाणा हे त्यांतले मुख्य. तेव्हा रोज अंघोळीचा आग्रह धरू नये. एक बादली गरम पाणी मिळाले तर ते जळण आणि पाणी अशा दोन्ही दुर्मीळ गोष्टी खर्चून मिळाले आहे, हे ध्यानात असू द्यावे.

पाण्याला धार्मिक बाजूही आहे. झरे आणि पाणथळ जागा येथे ‘लू’ या दैवतांचा वास असल्याचे मानतात. संस्कृत परंपरेत ज्यांना नाग म्हणतात, तेच हे. झऱ्याच्या उगमाशी साबण लावणे, कपडे धुणे, थुंकणे किंवा लघवी करणे हा गावाच्या दृष्टीने या दैवतांचा अपमान असतो, आणि खालच्या घरात तेच पाणी पितात हे वेगळे सांगायला नको. चंद्रताल आणि ढंकरचा तलाव ही पवित्र जलाशये आहेत. त्यांत पोहू नये.

शौचालयाचा प्रश्न बहुतेक जण संकोचाने विचारतात, म्हणून स्पष्टच लिहितो. जुन्या घरांत कोरडे शौचालय असते. मातीच्या जमिनीत एक आयताकृती भोक, बाजूला माती किंवा राखेचा ढीग आणि त्यात खोचलेले फावडे, एवढीच त्याची मांडणी. वापरानंतर दोन फावडी माती टाकायची. खाली तयार होणारे खत वसंतात शेतात जाते आणि त्यावरच ते एकमेव पीक पोसले जाते. त्यात पाणी ओतले की खत कुजत नाही, दुर्गंधी सुटते आणि ते बाहेर काढणाऱ्या माणसाचे काम घाण होते. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू किंवा प्लास्टिक तर त्यात कदापि टाकू नये. ते पिशवीत बांधून परत आणावे. धुण्यासाठी पाणी वापरायचे असेल, तर त्याची सोय कुठे आहे ते आल्याबरोबर घरच्या बाईला किंवा मुलीला विचारून घ्यावे. हा प्रश्न त्यांना नवा नसतो. आता बऱ्याच घरांत फ्लशची सोयही झाली आहे, परंतु हिवाळ्यात नळ गोठतात आणि पुन्हा जुन्या शौचालयाकडेच वळावे लागते.

दिलेला चहा किंवा छांग नाकारला तर अपमान होतो का?

मिठाचा आणि लोण्याचा चहा पहिल्या घोटाला अनेकांना रुचत नाही. तो पूर्ण प्यायलाच हवा असे नाही, पण एक घोट घ्यावा. तिथली पद्धत अशी, की आपण एक घोट घेतला की यजमान पेला पुन्हा काठोकाठ भरतात. रिकामा पेला म्हणजे अजून हवे आहे. नको असेल तर भरलेला पेला तसाच समोर राहू द्यावा आणि निघताना प्यावा. आमच्या गटातले एक काका प्रत्येक वेळी पेला रिकामा करून ठेवत गेले, कारण ताटात टाकू नये हा त्यांच्यावरचा संस्कार. त्यांना दहा-बारा पेले प्यावे लागले.

छांग ही जवाची घरगुती दारू, तर आरक हे त्याच धान्याचे ऊर्ध्वपातन करून काढलेले मद्य. सणासमारंभात ती देवतांनाही वाहतात, त्यामुळे तिच्याकडे आपल्या शहरी नजरेने व्यसन म्हणून पाहू नये. न पिणाऱ्याने अनामिकेचे टोक पेल्यात बुडवून थेंब हवेत उडवावेत आणि हात जोडावेत. एवढ्याने मान राखला जातो. उंचीवर नव्याने आलेल्याने तसेही पहिले दोन-तीन दिवस मद्य टाळलेले बरे, कारण काझा साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि कोमिक तर साडेचार हजार मीटरच्याही वर. प्रकृतीचे कारण सांगितले की यजमान आग्रह करत नाहीत.

गोम्पाच्या आवारात मात्र आपण आणलेली दारू, सिगारेट किंवा तंबाखू नको.

घरातल्या देवघरात जाता येते का?

विचारून जाता येते. देवघरात बुद्धाच्या आणि बोधिसत्त्वांच्या मूर्ती, दलाई लामांचे छायाचित्र, कापडात गुंडाळलेल्या पोथ्या आणि पुढ्यात पाण्याच्या सात वाट्या असतात. एका पहाटे मला हे पाणी भरताना पाहू दिले गेले. आजींनी उपड्या ठेवलेल्या वाट्या स्वच्छ फडक्याने पुसल्या, डावीकडून उजवीकडे एकेक ओळीत मांडली आणि बारीक धारेने भरली. दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढेच अंतर हवे. जास्त झाले तर त्या बोटाने वाटी हलकेच सरकवत. संध्याकाळी त्याच क्रमाचा उलटा क्रम, आणि वाट्या पुन्हा उपड्या. जिथे पाण्यासाठी चालावे लागते तिथे देवाला पाणी वाहतात, हे पाहिल्यावर मोरीत नळ सोडून दात घासणे मला जमेनासे झाले.

या वाट्यांवर वाकून श्वास सोडू नये, त्यांत हात बुडवू नये. पोथी जमिनीवर ठेवू नये किंवा तिच्यावरून ओलांडू नये. खोली कमी पडल्यामुळे देवघरातच झोपण्याची वेळ आली, तर डोके मूर्तीकडे आणि पाय दाराकडे ठेवावेत.

गोम्पात कसे वागावे?

चपला-बूट बाहेर, टोपी हातात, खांदे आणि गुडघे झाकलेले. प्रदक्षिणा उजवी घालावी, म्हणजे मूर्ती, स्तूप किंवा प्रार्थनाचक्र आपल्या उजव्या हाताला राहील. ही आपलीच रीत असल्याने मराठी माणसाला ती जड जात नाही. प्रार्थनाचक्रही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवावे. ‘ॐ मणि पद्मे हूँ’ कोरलेल्या दगडांची लांबट भिंत वाटेत लागली, तर तीही उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, मग त्यासाठी थोडा वळसा पडला तरी हरकत नाही. कुंझुम खिंडीत गाड्यासुद्धा देवीच्या मंदिराला फेरी घालून पुढे निघतात.

पूजा चालू असेल तर भिंतीलगत शांतपणे बसावे. भिक्षूंच्या दोन रांगांमधून ये-जा करू नये. त्यांची आसने रिकामी असली तरी त्यांवर बसू नये. मध्येच उठावे लागले तर पाठ वळवण्याआधी मूर्तीला नमस्कार करावा. ढोल आणि लांब तुताऱ्या वाजू लागल्या की मोबाइल बाहेर काढण्याचा मोह होतो; तो आवरावा.

छायाचित्रे घेण्यावर खरोखरच बंदी आहे का?

ताबोच्या प्राचीन मंदिरांच्या आत छायाचित्रणाला मनाई आहे. हा मठ इ.स. ९९६ मध्ये पश्चिम तिबेटातील गुगे राज्याचा राजा येशे-ओ याच्या काळात स्थापन झाला आणि थोर अनुवादक रिंचेन झांगपो यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. मातीच्या भिंतींवरची चित्रे आणि भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती हजार वर्षांपासून त्याच अंधाऱ्या, कोरड्या खोलीत टिकून आहेत. १९७५ च्या किन्नौर भूकंपात या वास्तूंना हानी पोहोचली होती, तरी भिंतीवरचा निळा रंग अजून ओळखू येतो. आत अंधार आहे म्हणून टॉर्च हवा असेल, तर सोबतच्या भिक्षूंना विचारावे. ते स्वतः योग्य ठिकाणी उजेड दाखवतात. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटे उभे राहिलात, तर जे दिसते ते कॅमेऱ्यात येणारे नाही. भिंतीला बोटही लावू नये.

इतर गोम्पांत ठिकठिकाणी नियम वेगळे आहेत, म्हणून प्रत्येक वेळी विचारावे. माणसांच्या बाबतीतही तेच. शेतात वाकून काम करणाऱ्या बायका, माळ ओढत बसलेले आजोबा, लाल वस्त्रांतले लहान भिक्षू हे सगळे आधी माणसे आहेत. जुले, म्हणजे तिथला नमस्कार, म्हणावे, दोन शब्द बोलावेत, मग विचारावे. अंत्यसंस्काराच्या ठिकाणी कॅमेरा नेऊच नये. ड्रोन उडवण्यापूर्वी प्रशासनाची आणि गावाची परवानगी हवी, कारण हा सीमेलगतचा जिल्हा आहे.

स्त्रियांसाठी वेगळे नियम आहेत का?

घरात आणि मुख्य प्रार्थनागृहात नाहीत. काही गोम्पांत उग्र रक्षक देवतांची एक वेगळी खोली असते, तिला गोन्खांग म्हणतात, आणि तिथे स्त्रियांना प्रवेश नसतो. हा नियम मला स्वतःला पटत नाही. तरीही दारात उभे राहून वाद घालणे पाहुण्याचे काम नव्हे, असे मी मानतो. त्या समाजातल्या स्त्रिया आणि भिक्षुणी आपले प्रश्न आपण मांडत आहेत.

मांसाहाराचे काय? तो बौद्ध धर्मात निषिद्ध नाही का?

स्पीतीत भाजीपाला अल्प आणि हिवाळा लांब, त्यामुळे बहुतेक घरांत मांस खाल्ले जाते. ‘तुम्ही बौद्ध असून मांस कसे खाता?’ हा प्रश्न त्यांना वारंवार ऐकावा लागतो आणि तो दुखावणारा असतो. जीव घेणे पाप आहे ही जाणीव त्यांना आपल्याइतकीच आहे. म्हणूनच अनेक लहान जीवांपेक्षा एका मोठ्या जनावरात पुष्कळांचे भागावे, असा विचार तिथे आढळतो. सागा दावा या तिबेटी पंचांगातील चौथ्या महिन्यात, विशेषतः पौर्णिमेला, अनेक जण मांस वर्ज्य करतात. त्या काळात आपण मांसाची मागणी करू नये. शाकाहारी पाहुण्यांनी ते आरक्षण करतानाच कळवावे.

आम्ही गटाने जाणार आहोत. आरती, घोषणा, गाणी चालतील का?

गणपतीच्या दिवसांत खोलीत हळू आवाजात आरती म्हणायला कोणी हरकत घेतलेली मी पाहिलेली नाही. उलट घरचे लोक हात जोडून उभे राहतात. मात्र शिखरावर पोहोचल्यावर देतो तशा घोषणा गोम्पाच्या गच्चीवर देऊ नयेत आणि ब्लूटूथ स्पीकर गावात वाजवूच नये. हे लोक लवकर झोपतात, पहाटे जनावरांकडे बघतात. रात्री नऊनंतर अंगणात गप्पांचा फड जमवला, तर भिंतीपलीकडे कोणाची तरी झोप मोडते.

आठवण म्हणून काही उचलून आणावे का?

मणी-भिंतीवरचा कोरीव दगड उचलणे म्हणजे कोणाची तरी प्रार्थना चोरणे होय. लांग्झाच्या परिसरात टेथिस या प्राचीन समुद्राच्या काळातील अमोनाइटचे, म्हणजे वळणदार शंखाच्या नामशेष सागरी प्राण्यांचे, जीवाश्म सापडतात आणि मुले ते विकायला येतात. तेही घेऊ नयेत, कारण विकत घेणारा आहे म्हणूनच डोंगर खणला जातो. वाऱ्याने खाली पडलेली पताका पायदळी येत असेल तर उचलून उंचावर ठेवावी. निळा, पांढरा, लाल, हिरवा आणि पिवळा हे तिचे रंग आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी यांचे आहेत. ती गाडीच्या आरशाला किंवा दुचाकीच्या मडगार्डला चिखलात लोंबेल अशी बांधलेली पाहून तिथल्या वृद्धांना वाईट वाटते.

पैसे, बक्षीस आणि भेटी यांची पद्धत काय?

ठरलेले भाडे निघताना दोन्ही हातांनी द्यावे आणि घासाघीस करू नये. गोम्पातले दान पेटीत टाकावे. मूर्तीच्या मांडीवर नोट ठेवू नये. मुलांना चॉकलेट आणि पैसे वाटण्याची सवय पर्यटकांनी लावली आहे, आणि तिचा त्रास त्यांच्या आईवडिलांना होतो. शाळेसाठी वह्या द्यायच्या असतील तर त्या शिक्षकांकडे सोपवाव्यात. यजमानांसाठी सुकामेवा किंवा चहापूड न्यावी. प्लास्टिकच्या वेष्टनातला खाऊ टाळावा, कारण तो कचरा तिथेच राहतो.

निघताना गळ्यात घातलेल्या पांढऱ्या वस्त्राचे काय करायचे?

त्याला खतक म्हणतात. तो शुभेच्छेचा आणि आदराचा असतो. देताना यजमान दोन्ही हातांवर पसरून पुढे करतात. आपण मान किंचित वाकवावी म्हणजे तो गळ्यात घालता येतो. काही वेळा तो हातांवरच ठेवतात, तेव्हा दोन्ही तळवे पुढे करून घ्यावा. गाडीत बसल्यावर त्याला घाम पुसू नये आणि तो सीटखाली पडू देऊ नये. पुष्कळ प्रवासी तो खिंडीतल्या पताकांना बांधून टाकतात, पण हल्लीचे खतक बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात आणि त्यांच्या चिंध्या वर्षानुवर्षे उडत राहतात. मी माझे घरी आणतो. आजींनी घातलेला खतक घडी करून आमच्या देवघरातल्या फडताळात ठेवला आहे, आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत तो बाहेर निघतो तेव्हा त्याला अजून त्या धुपाचा वास येतो.